खिडकीतल्या बांगड्या

माझी धाकटी जाऊ नंदा वजन करण्याआधी हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवते. मी तर केसांतली पिनसुद्धा काढून पाहिली. आम्ही दोघींनी सूर्यनमस्कार एकाच दिवशी सुरू केले, पण पंधरा दिवसांत तिचं वजन दोन किलोनं उतरलं आणि माझं एका किलोनं वाढलं.

"ताई, नवीन व्यायामानं अंग पाणी धरून ठेवतं. थोडे दिवस काटा वर जातोच," ती गोड आवाजात म्हणाली.

असेलही तसं. काटा बिचारा सगळं एकत्रच मोजतो, अंगातलं पाणी, एकादशीची साबुदाण्याची खिचडी, सगळं. गाळलेला घाम तेवढा त्याला दिसत नाही. मला मात्र तिच्या त्या मोकळ्या मनगटांचाच राग यायचा.

आज सकाळी नंदा काट्यावरून उतरून पुन्हा चढत होती. बांगड्या खिडकीतच होत्या.

"ताई, दीड किलो वाढलंय."

"पाणी असतं गं ते," मी म्हणाले, अगदी तिच्याच आवाजात. म्हणताना आतून इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी माझी समजूत घालताना तिला किती बरं वाटलं असेल, ते मला नेमकं कळलं.