माईचं वाटीभर बी

१७ मार्च २००९. ट्रकचं भाडं एकेचाळीस हजार तीनशे पन्नास रुपये. मीच दिलं, म्हणून आकडा लक्षात आहे. गावच्या विहिरी खारट झाल्या होत्या आणि दादाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, पार दक्षिणेला, स्वस्तात जमीन घेतली होती.

भांडीकुंडी चढली. वहिनी डबा मांडीवर घेऊन बसली. डब्यात आमच्या घरच्या कांद्याचं बी. तिला माझ्या आईने दिलेलं, आईला तिच्या सासूने. खाऱ्या पाण्याने त्या वर्षी सगळे कांदे सडले, उरलं ते एवढंच बी. कांद्याचं बी फार टिकत नाही, वर्षाच्या आत पेरावंच लागतं. तेच वाण शेजारच्या माईकडेही होतं. नव्या रानाला कमी पडेल म्हणून तिने निघताना आपली वाटी वहिनीच्या डब्यात उपडी केली.

"माई, तुम्हाला काय राहिलं मग?"

"मला वाफा तेवढा. राहील पडून. तुझं बी धरलं की वाटीला वाटी दे. आणि डबा सांभाळ गं, नवरा काय, हरवला तरी जेवायच्या वेळेला परत येईल."

दादासकट सगळे हसले.

तिकडे पात मांडीला लागली. माईचा फोन आला की वहिनी सांगायची, "रान हिरवंगार आहे." ते खरंच होतं. पण काढणीला उपटून पाहिलं तर खाली कांदाच नाही, बोटाएवढी जाड मान फक्त. बांधावरचा शेतकरी म्हणाला, "ताई, हा उत्तरेकडच्या, लांब दिवसांच्या मुलखातला कांदा. इथे दिवस तेवढा वाढत नाही. कांदा धरायचा नाही, नि पुढे बीही नाही."

दादा म्हणाला, "पातीची भाजी करू." वहिनीने अख्खं रान उपटलं. प्रत्येक रोपाची माती अंगठ्याने पुसून बघत होती.

मी फोनवर म्हटलं, "वहिनी, माईंना सांगून टाका."

"काय सांगू भाऊजी? माझंही घालवलं आणि तुमचंही घालवलं?"

"दुकानातलं पाठवू का?"

"पहिल्याच कांद्याला ओळखेल ती."

चार वर्षांनी घराच्या विक्रीसाठी गावी गेलो. माईच्या परसात वाफा खणलेला, खडे वेचलेले, माती चाळल्यासारखी. त्यात काही नव्हतं.

"मिरची तरी लावायची," मी म्हटलं.

"जागा धरून ठेवलीय. वहिनीने पुडी दिली का?"

"या खेपेला नाही."

"असू दे. नव्या रानाला वेळ लागतो."

परत आल्यावर वहिनीने फोनवर एकच विचारलं, "वाफा रिकामा आहे अजून?" मी हो म्हटलं. मग पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

माईचं एक वाटी बी देणं आहे.