हात नव्हे, मडके बघणाऱ्या शैलजाबाई

डॉ. शैलजाबाईंची आणि माझी पहिली भेट चोपड्याला, माझ्या सासरच्या अंगणात झाली. गोवा राज्य झाले ते वर्ष. मूळच्या डिचोलीच्या बाई म्हापशाच्या कॉलेजात शिकवत असत आणि संशोधनासाठी आंबलेला सूर, म्हणजे माडी, मागायला बसने आल्या होत्या. मी चुलीपाशी रडत होते. बाईंच्या पंचाहत्तरीचा लेख रडण्याने सुरू करू नये, हे मलाही कळते. पण बाईंचे मोठेपण मला तिथूनच दिसले.

माझे सासरे माड चढत. रसाच्या एका भागाचा आंबून झालेला सूर पाव फुगवायला पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे जाई, बाकीच्या ताज्या रसाचा सासूबाई गूळ करत. आमच्याकडे त्याला 'गोड' म्हणतात. मी सावंतवाडीकडची. लग्न होऊन आले आणि नेमके तेव्हापासून ते घट्ट बसेनासे झाले. कितीही ढवळा, शेवटी हाती काकवीच. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता, "हिच्या हाताक गोड बसना. मिरगा आदीं बसलें ना जाल्यार कुळारा धाडून दितां." मिरग म्हणजे मृग, कुळार म्हणजे माहेर. नवरा खाली मान घालून उभा. त्या मानेचा मला आजही राग येतो.

बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हाताचें मागीर पळोवया. दामोणें हाड." हाताचे नंतर बघू, आधी दामोणे, म्हणजे रस गोळा करायचे मातीचे मडके आण, असे त्यांचे म्हणणे. ते हुंगून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हें पयलीं सुराचें आशिल्लें?" होते! गुळाची दामोणी लग्नाच्या गडबडीत फुटली, म्हणून सुराची जुनी वापरात आली होती. सुराचे दामोणे गरम पाण्याने धुवायचे नाही, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. धुतले तर सूर चांगला येत नाही.

पुढच्या खेपेला बाई परीक्षानळ्या आणि एक निळे औषध घेऊन आल्या. माडाचा रस थेट काचेत धरला, दुसरा जुन्या दामोण्यातला घेतला. दोन्हींत औषध घालून चुलीवर तापवले. पहिला जवळजवळ निळाच राहिला, दुसरा विटेसारखा लाल झाला. बाई म्हणाल्या, मडक्याच्या मातीत यीस्ट मुरून बसले आहे. त्याच्यापाशी इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. ते रसातल्या साखरेचे तोडून दोन तुकडे करते, आणि त्या तुकड्यांनीच औषध लाल होते. पाव फुगवायला पोदेराला यीस्ट हवेच असते, पण ते तुकडे झाले की गूळ बसत नाही.

सासूबाई ऐकतात थोड्याच! मग बाईंनी पैज लावली. जुन्या दामोण्यातला रस सासूबाईंनी स्वतःच्या हाताने आटवायचा, रस आंबू नये म्हणून चुना लावलेल्या नव्या दामोण्यातला मी. अर्धे चोपडे बघायला जमले. सासूबाईंची काकवी झाली आणि माझे गोड असे बसले की फोडायला वरवंटा लागला! सासूबाई माझ्या कढईपाशी आल्या. मग त्यांनी एक खडा उचलून माझ्या तोंडात घातला. "खा गो. तुज्याच हाताचें."

बाईंचा स्वभाव असा की जिंकल्यावर त्या हरलेल्याच्या शेजारी जाऊन बसतात. "तुमचो रिवाज खरो, फकत सुराक," असे त्यांनी सासूबाईंना सांगितले आणि आपल्या शोधनिबंधाच्या आभारांत त्यांचेच नाव पहिले घातले. मराठी की कोंकणी यावरून घराघरांत तोंडे फिरली होती, तेव्हा बाई वर्गात दोन्हींत शिकवत. "विकराक भास ना," म्हणत; विकराला भाषा नसते. मला त्यांनी दहावीला बसवले आणि पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत मी साहाय्यक झाले. नळी फोडली तर त्या कधी ओरडल्या नाहीत, न बघता निष्कर्ष काढला तर मात्र खैर नसे.

आज तुये, मांद्रे, चोपडे इथल्या गूळ करणाऱ्या घरांत सुराची आणि गुळाची दामोणी वेगळी असतात. गूळ बिघडला तर सुनेचा हात कोणी बघत नाही, आधी मडके हुंगतात. माझ्या लेखी बाईंचा सर्वांत मोठा शोध हाच.

बाई, जन्मभर साखरेचा अभ्यास करून तुम्ही चहा मात्र बिनसाखरेचा पिता, म्हणूनच प्रकृती ठणठणीत आहे. ती तशीच राहो. तुमच्या शंभरीचे गोड मी करणार. दामोणे हुंगायला मात्र तुम्हीच यायचे.