परवाना सांबराचा

शिकारीचा बेत बेळगावच्या शहापुरात, बापूसाहेब वकिलांच्या सोप्यावर शिजला. बंदूक त्यांची, सरकारी जंगलाचा परवाना त्यांच्या वशिल्याचा आणि नेम माझा, असं ठरलं. कारण तरुणपणी रानडुक्कर लोळवल्याची थाप मी शाळेत आणि शाळेबाहेर वर्षानुवर्षं मारत आलो होतो. बंदूक मी वरातीत पाहिलेली, तीही लांबून. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमची तयारी चालली. चकल्या कुठल्या डब्यात, स्टोव्ह कोणाचा, वारा कुठून वाहतो. सांबराची शिंगं दिवाणखान्यात कुठं लावायची, यावर मात्र अख्खा रविवार गेला.

जांबोटीपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं बैलगाडी. चढणीला मोटार ढकलावी लागली. बापूसाहेबांनी बंदूक सांभाळण्याचं अवघड काम पत्करलं. झाडी दाट होत गेली तशी माझी बडबड आटली.

"मास्तर एकाग्र होताहेत," बापूसाहेब गाडीवानाला म्हणाले.

कणकुंबीला सातू गावकर (गावचा मुख्य मानकरी) वाट बघत उभा होता. त्यानं आधी शेत दाखवलं. पिकत आलेलं भात, लोंब्या ओरबाडलेल्या, मधोमध खुरांनी केलेला चिखल.

"रोज उतरतंय, सायेब. डबडी बडवून हात भरून आल्यात. आमास्नी बंदुकीचं लायसन न्हाय. तुमी आलासा, लई बरं झालं. उरलंय तेवढं तरी पोरांच्या तोंडात पडंल."

"काळजी सोड. आमचे मास्तर आहेत," बापूसाहेब म्हणाले.

पण हाका (रान उठवून जनावर बंदुकीपुढं आणणं) घालण्याआधी गावदेवीचा कौल घ्यायचा रिवाज. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर जायचं; डावी पडली तर रानात पाऊल टाकायचं नाही.

"परवान्यावर गोऱ्या साहेबाची सही आहे," बापूसाहेब कुरकुरले.

"आसंल की. हितं देवीची लागती," सातू म्हणाला.

नेम धरणारा म्हणून मला अगदी पुढ्यात बसवलं. धूप कोंदला होता. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. उजवी पाकळी सुटत आली होती. ती पडली की मचाण, बंदूक आणि माझी शोभा. धुरानं मला खोकला आला, हे खरं. तो मी डाव्या पाकळीकडं तोंड करून काढला, हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

डावी पाकळी पडली.

कोणी वाद घातला नाही. "आमचंच कायतरी चुकलं आसंल," एवढं म्हणून सातूनं देवीचा रुसवा काढायला घरचं कोंबडं कापलं आणि रस्सा मानानं आम्हालाच वाढला. बापूसाहेबांनी तो पुन्हा मागून घेतला.

"मास्तरास्नी वाढ गं," सातू बायकोला म्हणाला. "धुरानं घसा धरलाय त्येंचा."

इतक्यात शेताकडून डबडी वाजू लागली. तो अर्धवट जेवणावरून उठला, हात धुतला आणि गेला. आम्ही जेवत राहिलो.

बेळगावात बापूसाहेबांनी सगळीकडं सांगितलं, की मास्तरांनी खेडुतांच्या श्रद्धेपायी हाताशी आलेलं सांबर सोडलं. माझा मान वाढला. घरी बायकोनं विचारलं, "काय मारून आलासा?"

"एक कोंबडं," मी म्हणालो.

ती हसली. मीही हसलो. सातूचं किती भात घरात आलं, हे विचारायला कणकुंबीला जायचं धाडस मात्र मला पुन्हा झालं नाही.