आग्या माश्या आणि धाकटी

माझी धाकटी जाऊ नर्स आहे, आणि हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकायला मिळतं. मी सतरा वर्षं शाळेत शिकवते, त्याचं कुणाला काय? सासूबाईंचं नुसतं डोकं दुखलं तरी, "धाकटीला इचारा की." मी जळायचे. खोटं कशाला बोलू, लई जळायचे.

त्या वर्षी वेळ अमावस्येला आम्ही सगळे रिवाजाप्रमाणे शेतात जेवायला गेलो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली. दूध उतू जाऊ द्यायचं म्हणून मी चिंचेखाली गोवऱ्या पेटवल्या. मेल्या ओल्या निघाल्या. धूर सरळ झाडात घुसला, आणि वर आग्यामोहोळ आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं.

माश्या उठल्या तशी सगळी पळाली. सासूबाईंना पळवेना. दिरांनी घोंगडं टाकून त्यांना गाडीत घातलं, तोवर तोंड, मान, हात काट्यांनी भरून गेलेले. मी त्यांच्याच चंचीतला चुना काढून लावायला घेतला, तर धाकटीनं माझा हात बाजूला सारला. "चुना नको अक्का, आधी काटे काढू द्या." स्वतःला वीसेक डंख झालेले, तरी धावत्या गाडीत ती नखांनी भराभर काटे खरवडत होती. सोलापुरात दवाखाना गाठेस्तोवर सासूबाईंना धाप लागली, ओठ सुजले. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन, सलाईन लावलं. तासाभरात त्या बोलायला लागल्या. पहिलं काय बोलल्या असतील? "धाकटी कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दवाखान्यात ड्यूटीवर जाताना धाकटी मला म्हणाली, "अक्का, एवढे डंख झाले की किडनीला धोका असतो. लघवीकडे लक्ष ठेवा. चहासारखी दिसली की लगेच सिस्टरला सांगा." आली मोठी डॉक्टरीण, मी मनात म्हटलं.

नऊच्या सुमारास मी सासूबाईंचं भांडं उचललं. रंग अगदी कोऱ्या चहाचा. आणि मी काय केलं? कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा तिचंच खरं ठरलं असतं, घरभर तिचीच आरती. औषधाचा रंग असेल, असं स्वतःला समजावत मी भांडं ओतलं, धुतलं आणि खाली जाऊन नाश्ता करून आले. परत येते तर सासूबाईंना मळमळत होतं. पुन्हा भांडं दिलं. आता घोटभरच, आणि काळपट. मी ओरडतच सिस्टरकडे धावले.

चार वेळा डायलिसिस करावं लागलं. सासूबाई वाचल्या.

घरी भेटायला येईल त्याला धाकटीच सांगायची, "मी नव्हते तिथं. अक्कांनी बघितलं म्हणून निभावलं." सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "मोठीनं जीव वाचिवला माझा." सतरा वर्षं हे ऐकायला माझे कान आसुसलेले. पहिलं भांडं ओतून टाकलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझं कौतुक सांगताना धाकटीचा चेहरा खुलला होता. तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. मला तिच्याबद्दल असं चारचौघांत एकदाही बोलता आलं नव्हतं.