'चार्ज'वाले मामाजी

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्या लोकांनीही ती इतकी मनाला लावून घेतली नसेल, जितकी बालाघाटच्या एका सरकारी कचेरीतल्या कारकुनाने, म्हणजे माझ्या थोरल्या मामाजींनी, लावून घेतली होती. छप्पन साली राज्यांच्या वाटण्या झाल्या, नागपूर पलीकडे गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, आणि त्यांच्या कचेरीत सगळे मराठीत बोलू, हिंदीत लिहू आणि इंग्रजीला भिऊ लागले. न भिणारे एकटे मामाजी. पुठ्ठा निघालेला एक जाडजूड शब्दकोश ते रोज सायकलच्या कॅरिअरला बांधून कचेरीत नेत. जेवणाचा डबा घरी विसरत, कोश कधी नाही.

सगळ्या शब्दांत त्यांचा जीव 'चार्ज'वर. "भाच्या," ते मला सांगत, "हा शब्द मुळात गाडीवानाचा हाये. लॅटिनात गाडीत ओझं भरलं का झाला चार्ज. मंग ते ओझं बंदुकीत गेलं, बॅटरीत गेलं, कारकुनाच्या डोक्यावर आलं. आरोप म्हंजे बी ओझंच." सैन्य धावून जातं त्याला चार्ज काहून म्हणतात, हे विचारलं की ते थोडे अडखळत आणि "बंदूक भरली का माणूस धावूनच जाते ना!" अशी स्वतःची व्युत्पत्ती ठोकून देत. राजेगावला माझ्या मावसबहिणीच्या लग्नात लाउडस्पीकरवाला "बॅटरी चार्ज नाही" एवढंच म्हणाला. मामाजींनी त्याला मांडवाच्या खांबाशी गाठून चार्जचं सगळं कूळ ऐकवलं. तोवर भटजींनी मंगलाष्टकं नुसत्या घशाच्या जोरावर उरकली होती.

याच शब्दाने त्यांची बढती घालवली. हेडक्लार्कची बदली झाली आणि अकरा वर्षं वाट पाहिल्यावर मामाजींच्या टेबलावर हुकूम आला: चार्ज घ्या. मामाजींनी तीन पानी टिपण पाठवलं, की कोणता? सामानाचा, जबाबदारीचा, की मागच्या साहेबांनी करून ठेवलेल्या घोटाळ्यांचा? नव्या साहेबांनी ते टिपण वाचलं नाही. त्यांनी चार्ज मामाजींच्या हाताखालच्या माणसाला दिला.

"घेतला असता तर काय बिघडत होतं तुमचं?" मामीने विचारलं.

"घेत होतो वं. पण काय घेऊन राह्यलो ते कळाले नको?"

मामी त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही.

त्याच उन्हाळ्यात भरवेलीकडच्या वस्तीतल्या तीस-चाळीस बाया रेशनकार्डांसाठी कचेरीत आल्या. महिनाभर त्यांना "उद्या या" सांगितलं जात होतं. त्या दिवशी त्या फाटकातच बसल्या. नवे साहेब घाबरले की इंग्रजीत बोलत. ते वरच्या गॅलरीतून ओरडले, "हवालदार, टेक चार्ज! टेक चार्ज!"

फाटक सांभाळा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. हवालदाराला मात्र या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. "साहब ने चार्ज बोला है!" म्हणत त्याने लाठी उगारली, आणि त्याच्यामागे चार शिपायांनी.

मामाजी खिडकीशी बसले होते. धोतर सावरत ते धावले आणि दोन्ही हात पसरून बायांच्या पुढे उभे राहिले. "रुको! साहेबांनी टेक चार्ज म्हटलं! टेक चार्ज अलग, लाठीचार्ज अलग!"

"दोनों में चार्ज तो है ना, बाबू?"

"हौ, पण मुळात..."

'मुळात'वर लाठी त्यांच्या मनगटावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज बायांनीही ऐकला. सरकारी माणसालाच लागली हे पाहून हवालदार पांढराफटक पडला, शिपायांनी उगारलेल्या लाठ्या खाली घेतल्या. बायांना एकही लागली नाही, आणि महिनाभर न सापडलेली कार्डं त्या दिवशी दिवेलागणीच्या आत सापडली. आठवड्याने मामाजींना चार्जशीट मिळाली, सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल. त्यांनी ती प्लास्टरमधल्या हातावर टेकवून वाचली, व्याकरणाच्या दोन चुका काढल्या आणि सही करून परत पाठवली. पुढे ते त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले.

पण मला आठवतो तो लाठी बसल्यानंतरचा पहिला रविवार. त्या बायांपैकी तिघी मामाजींच्या घरी आल्या. लुगड्याच्या ओच्यात परसातल्या काकड्या होत्या. ओसरीवर बसून त्यांनी त्या मामीपुढे ठेवल्या. मग त्यातली म्हातारी प्लास्टरकडे पाहत म्हणाली, "लय दुखते का, बाबूजी?"

आता 'दुखणं' कुठून आलं ते सुरू होणार, या धास्तीने मामी चहा टाकायला उठली. मामाजींनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला.

"हौ, बाई," ते म्हणाले. "दुखते."

म्हातारीने पुढे सरकून त्यांच्या सुजलेल्या बोटांवरून हळूच हात फिरवला. मामी उठली होती, ती परत त्यांच्या शेजारी येऊन बसली.