तारोडीचे पंखे आणि घोडबंदरचा कंटेनर

ती केस आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, गॅलरीत फेऱ्या मारतो. बायको म्हणते, "अहो, रिटायर झालात, आता तरी बसा." कसला बसतोय!

तेव्हा मी उत्तनच्या किनारपट्टीवर पोलीस अधिकारी म्हणून नेमणुकीला होतो. मासेमारीची पावसाळी बंदी उठायला जेमतेम आठवडा उरला होता, आणि तारोडीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या काही बोटींचे पंखे चोरीला गेले. बोटीला पाण्यात पुढे रेटतो, तो पितळेचा जड पंखा. चोरांना नट खोलण्याइतकाही धीर नव्हता. पंखा ज्यावर बसतो तो लोखंडी दांडाच कटरने कापून त्यांनी पंखे दांड्याच्या तुकड्यासकट उचलले होते.

फिर्याद द्यायला एक कोळीण आली. नवरा वारलेला, बोट तिच्या नावावर, खलाशी बाहेरगावचे. बंदी उठताच बोट निघाली नाही, तर खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर चढणार आणि तिचा हंगाम बुडणार. "सायेब, दांडा मी नवा बसवीन, पंखा तेवढा आना. नवा सांगितला तर महिन्याशिवाय येत न्हाय." त्यानंतर रोज सकाळी ती यायची, ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसायची आणि माझ्या केबिनच्या दाराकडे बघत राहायची. मला स्टेशन डायरीसुद्धा धड लिहवेना.

पितळ चोरीला गेलं की ओतकामाच्या भट्ट्या पालथ्या घालायच्या, ही आमची जुनी रीत. चोरीचा माल थोडे दिवस तरी गावातच पडून असायचा. या खेपेला मात्र कुठेच काही लागेना. शेवटी भाईंदर पश्चिमेला चहाच्या टपरीवर एका जुन्या खबऱ्यानं मलाच झापलं. "साहेब, कुठल्या जमान्यात आहात? पितळ आता इथे वितळवतंय कोण? आखातात, कोरियात भाव मिळतोय. कंटेनर भरला की थेट बंदर. घोडबंदरला हायवेलगत एक गोडाऊन आहे, बघा. पण चहा ठेवा आणि आधी निघा!"

निघालो. पण कंटेनर त्याच सकाळी बंदराकडे गेला होता. गोडाऊनचा मालक हसतमुख, बोलायला गोड. "सब माल बिल का है, साहब," असं म्हणत त्यानं खुर्ची पुढे केली. पुराव्याशिवाय कंटेनर अडवता येत नव्हता, आणि अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो. त्याला त्याच्या मालाची तारीफ करू द्यावी. मी विचारलं, "माल चांगला जातो ना बाहेर?"

शेठ खुलले. "एकदम क्लीन, साहेब! चुंबक लावा, एक तुकडा चिकटला तर नाव बदलेन. लोखंडाचा कण दिसला तरी बाहेरची पार्टी कंटेनर परत पाठवते. म्हणून आम्ही एकेक पीस फोडून लोखंड वेगळं करतो."

"आणि ते लोखंड?"

"वो तो इधरही रहता है. त्याला बाहेर कोण विचारतंय? ढीग झाला की जालन्याच्या भट्टीला..." बोलता बोलता शेठची नजर मागच्या अंगणाकडे गेली. हसू कुठल्या कुठे गेलं.

मागच्या अंगणात ढीग होता. त्यात बोटींच्या दांड्यांचे कापलेले तुकडे सापडले. पंच बोलावून पंचनामा केला आणि तुकडे तारोडीला नेऊन बोटींवर उरलेल्या दांड्यांना लावून पाहिले. तिरका काप कापाला असा बसला की आमचा हवालदार "आयला!" म्हणून ओरडलाच. मग शेठनी चोरांची नावं भराभर सांगितली. कंटेनर बंदराच्या गेटवर अडवला.

दार उघडलं. पंखे होते, पण घणानं फोडलेले. लोखंड काढायचं म्हणून एकही अख्खा ठेवला नव्हता.

बंदी उठली. पंखे शाबूत असलेल्या बोटी गेल्या. त्या कोळिणीची किनाऱ्यावरच राहिली, खलाशी पांगले. पुढे कोर्टानं मुद्देमाल बंधपत्रावर परत दिला. पोलीस ठाण्यात तिच्यापुढे तिच्या पंख्याचे तुकडे ठेवले आणि मी अट वाचून दाखवली: केस संपेपर्यंत मुद्देमाल विकायचा नाही, त्याची मोडतोड करायची नाही.

"मोडतोड?" ती हसली. मग पदर डोळ्यांना लावला. "आता आनखी काय मोडनार, सायेब?"

वरिष्ठांनी तपासाबद्दल माझी पाठ थोपटली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. गुन्हा उघडकीला येणं आणि फिर्यादीचं काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या बाईनं शिकवलं. पुढे प्रत्येक फिर्यादीला मी चोरी कधी झाली याच्या आधी विचारायचो, वस्तू कधीपर्यंत हवी आहे? आणि उत्तर ऐकून बहुतेकांना तोंडावरच सांगायचो, "चोर मी शोधतो. पण माझ्या भरवशावर थांबू नका, नवी आजच मागवा."