टेपवरचा पुढचा भाग

अमेरिकेत नोव्हाय गावी आमच्या शेजारी अमेरिकन फुटबॉलचा एक खेळाडू राहायचा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धडक मारून आडवं करायचं, हेच त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेजारी टीव्हीवर दिसतो म्हणून मिरवायचो मात्र मी.

त्याची एक मॅच मी व्हीसीआरवर टेप केली होती. तीत त्याने एका पोराला असं उडवलं की तो पोरगा पुन्हा खेळला नाही, व्हीलचेअरवरच बसला. घरी पाहुणे आले की चिवड्याच्या बश्या देऊन मी तेवढंच दाखवायचो. "काका, रिवाइंड करा ना!" अशी फर्माईश झाली की पुन्हा दाखवायचो. निर्लज्जासारखा दाखवायचो. धडकेच्या पुढचं कोणी बघत नसे, म्हणून मंडळाच्या गणपतीला कोरी टेप मिळाली नाही तेव्हा त्यावरच मी कार्यक्रम टेप केला.

निवृत्त झाल्यावर एका रविवारी तो स्वतः दारात आला. माझ्या मुलीने त्याला टेपबद्दल सांगितलं होतं. सोफ्याच्या काठावर बसून तो म्हणाला, "माझंही डोकं आपटलं होतं, त्या दिवसाचं काही आठवत नाही. मी नंतर त्या पोराजवळ गेलो की नाचत सुटलो, एवढंच बघायचंय. त्याला भेटायला जायचंय मला."

मी टेप लावली. धडक झाली आणि लगेच आमच्या बायका फुगडी घालायला लागल्या. त्याने फास्ट फॉरवर्ड करायला लावलं. पुढे आरती होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू तर लाइव्ह बघितलं होतंस ना? मी गेलो होतो?"

धडक होताच मी स्वयंपाकघरात पळालो होतो, "अगं, आपल्या शेजाऱ्याने काय उडवलं बघ!" म्हणत. परत आलो तेव्हा जाहिराती सुरू होत्या.

"गेला होतास," मी म्हणालो. वर हेही जोडलं, "त्याचा हात धरून बसला होतास."

तो रडला. माझे आभार मानून गेला.

पुढच्या शनिवारी मी अंगणातलं गवत कापत होतो. तो कुंपणापाशी आला. "मी गेलो नव्हतो," तो म्हणाला. "तो पोरगा तेव्हा शुद्धीत होता. त्याला सगळं आठवतंय. हात धरल्याचं मी सांगायला लागलो, तेव्हा तो नुसता बघत राहिला."

मान खाली घालून मी गवताची तीच पट्टी पुन्हा कापत राहिलो.